चौथं नरसाळं

इस्तारी पचारे तलावावर आला की पाण्याकडे पाहत नसे. आधी पारीवर, तलावाच्या बांधावर, कोण उभं आहे ते पाही. माणूस ओळखीचा असला तरी तो इथं कशाला उभा आहे, याचा अंदाज बांधल्याशिवाय त्याचा डोंगा किनाऱ्यावरून हलत नसे. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात या सवयीनं त्याला चारदोन वेळा वाचवलं होतं आणि शेकडो वेळा हसं करून दिलं होतं. वाचलेल्या वेळा त्याच्या लक्षात होत्या, हशाच्या गावाच्या.

पिपरटोला हे मूल शहरापासून आतल्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं गाव. गावाच्या वरच्या अंगाला तलाव. मालगुजारानं बांधला, मालगुजार गेला, सरकारनं कागदावर माजी मालगुजारी तलाव लिहिलं आणि लोकांनी त्याचा मामा तलाव केला. त्यात मासे धरायचा हक्क ढिवरांच्या सोसायटीचा. अडतीस घरं. त्यांतला इस्तारी सगळ्यांत जुना. तलावाचा तळ त्याला तळपायांनी पाठ होता. कुठं रेती, कुठं शिंगाड्याच्या कुजल्या वेलांचा गुळगुळीत थर, कुठं कंबरेपर्यंत ओढून नेणारा काळा गाळ. पश्चिमेला डोह होता. उन्हाळ्यात पाणी आटत आटत तेवढंच उरे आणि साऱ्या तलावातला मासा तिथं येऊन दाटे. चैत-वैशाखात अडतीस घरांच्या चुली त्या डोहावर पेटत.

बुडबुडे पाहून खाली काय आहे ते तो सांगे. माळेसारखे, चालत गेलेले बुडबुडे कासवाचे. एकच मोठा, सोबत मातीचा ढग, तर मरळीनं कूस बदलली. आणि उगाच, जागच्या जागी, मूठभर मोहरी उधळावी तसे फुटले, तर खाली कोणी नाही. "गाळ पादला," म्हणत ढिवरांची पोरं आणि हसत. इस्तारी हसत नसे. गाळ हा त्याच्या लेखी हसण्याचा विषय नव्हता.

त्यालाही कारण होतं. त्याच्या लग्नाच्या वर्षी, घुग्घुसच्या पलीकडे कमळाच्या माहेरी, तो पहिल्या दिवाळीला गेला होता. गावाबाहेर तंबू होते. माणसं जमिनीत लोखंडी नळ्या घालत आणि मातीच्या लांब कांड्या बाहेर काढून ओळीनं लाकडी पेट्यांत निजवत. पोरांना पेपरमिंट वाटत. त्याच्या सासऱ्यानं विचारलं, तेव्हा त्यांतला एकजण म्हणाला, "कुछ नाई बाबा, नुसतं पाहून राह्यलो." सात वर्षांनी गाव उठलं. आता तिथं खाणीचा खड्डा आहे, ज्याच्या तळाशी उभा ट्रक वरून काड्यापेटीएवढा दिसतो. कमळाच्या घरासमोरची विहीर त्या खड्ड्याच्या पोकळीत कुठंतरी, हवेत आहे. इस्तारीनं त्यातून एवढंच उचललं की नळीतून माती नेणारा माणूस मागाहून गाव नेतो.

म्हणून त्या कार्तिकात पाठीवर बॅग अडकवलेली एक मुलगी हातभर लांब, आरपार दिसणाऱ्या नळ्यांची मोळी घेऊन पारीवर उभी दिसली, तेव्हा इस्तारीचा हात डोंग्यावरच थांबला.

तिला घेऊन आला होता त्याचा पुतण्या सूरज, सोसायटीचा सचिव. "मोठेबाबा, ह्या दिव्यानी मॅडम. नागपूरच्या संस्थेतून आल्या. तलावाचा अभ्यास करून राह्यल्या. त्याईले डोंग्यात फिरवाचं हाय."

"कायचा अभ्यास?"

"गाळाचा," दिव्यानीच म्हणाली. "गाळात बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. शेतातलं युरियाचं पाणी तलावात येतं, त्याचं ते काय करतात, आणि त्यांच्यातून कोणता वायू किती निघतो, ते मोजायचंय."

"मोजून?"

"मोजून... लिहायचं."

"लिहून?"

सूरज मध्ये पडला. "मोठेबाबा, पोलीस पाटलाच्या वरताण करता तुमी."

इस्तारीनं तिला डोंग्यात घेतलं. न घेता काय. दुसरा कोणी घेऊन गेला असता आणि मग काय चाललंय तेही कळलं नसतं. डोंगा मध्यावर गेल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाव कोणतं बाई तुमचं?"

"बल्लारपूर."

"बाप काय करते?"

"रेल्वेत होते. आता घरीच."

इस्तारीनं बांबू रेटला. रेल्वे. म्हणजे कोळसा वाहणारी.

उथळ जागी ती पाण्यात वाकून नळी गाळात दाबे, वरचं तोंड बुचानं बंद करी आणि खेचून काढी. नळीत गाळ उभा येई, वर तपकिरी, खाली काळा, अगदी त्या पेट्यांतल्या कांड्यांसारखा. संध्याकाळी इस्तारीनं जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा घेतला आणि त्या दिवशी नेलेल्या नळ्यांएवढ्या गाठी मारल्या. पाच. लिहिता येणाऱ्यांनी लिहावं. ढिवराची गाठ सुटत नाही.

नळ्यांशिवाय तिनं सहा नरसाळीही लावली. सुपाएवढ्या तोंडाचं प्लास्टिकचं नरसाळं, उलटं, पाण्याखाली, तरंगत्या डब्याला दोरीनं टांगलेलं. वरच्या निमुळत्या टोकाला पाण्यानं भरलेली बाटली. गाळातून बुडबुडा सुटला की नरसाळ्यातून चढून बाटलीत जाऊन बसे आणि तेवढं पाणी खाली उतरे. पहिलं नरसाळं धानाच्या बांध्यांचं पाणी जिथून तलावात येई त्या तोंडाशी, चौथं डोहावर, बाकीची मधे विखुरलेली. मंगळवारी आणि शनिवारी येऊन ती बाटल्यांतली हवा मोजी, सुईनं थोडी काढून घेई, आणि बाटल्या पुन्हा भरून लावी.

डोहावर काहीतरी टांगून ठेवलेलं इस्तारीला झोपेत टोचू लागलं. त्या नरसाळ्याखाली काय आहे? नुसतं नरसाळं टांगायला इतक्या लांबून कोण येतं? दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी, धुकं पाण्यावरून उठायच्या आत, तो डोंगा घेऊन डोहावर गेला. डब्याला हात लावला नाही. परक्या वस्तूला हात लावणारा तो नव्हता. त्यानं फक्त लांब बांबू नरसाळ्याच्या खाली तिरका घातला आणि आंधळ्यानं काठीनं रस्ता चाचपावा तसा गाळ चाचपला. भोक आहे का, नळ आहे का, लोखंड लागतंय का. काहीच लागलं नाही. बांबू मऊ गाळात हातभर, दोन हात गेला आणि आला.

दुसऱ्याला एवढ्यानं बरं वाटलं असतं. इस्तारीला वाटलं, नाही लागलं म्हणजे खोल असेल.

मग तो रोजच जाऊ लागला. बाजाराचा दिवस तेवढा सोडून. वीसपंचवीस वेळा बांबू खुपसायचा, थोडी जागा बदलून पुन्हा खुपसायचा. दरवेळी बांबूसोबत गाळातून बुडबुड्यांचे घोस उठत आणि वर चढत. ते त्याच्या डोळ्यांना दिसत होते आणि दिसत नव्हते. जन्मभर त्यानं गाळात बांबू घालून मासा उठवला होता. बांबू आत गेला की बुडबुडे येणार, हे त्याच्यासाठी कुऱ्हाड मारली की आवाज येणार इतकं साधं होतं. वर एक बाटली उपडी बसली आहे आणि ती हे सारं गिळते आहे, हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही.

शनिवारी दिव्यानीनं चौथी बाटली उचलली आणि ती थबकली. बाटलीत पाणीच नव्हतं, गळ्यापर्यंत नुसती हवा. तिनं ती उन्हात धरली, वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग फोन लावला. इस्तारी वल्हं मांडीवर ठेवून ऐकत होता. "सर, चार नंबर... हो, पूर्ण. नाही, गळती नाही."

इस्तारीनं ताडलं. सापडलं यांना. डोहातच सापडलं.

त्या रात्री जेवताना त्यानं कमळाला सांगितलं. कमळानं भाकर तव्यावर उलटली. "हवा सापडली?"

"वायू. तिनंच म्हटलं पहिल्या दिशी. वायू."

"तुमाले तं आपल्या सावलीवरबी शक. मागं काय अंधारात चालते म्हून वळून पाहता."

"तुयं गाव कसं गेलं, माहीत नाई काय तुले?"

कमळानं भाकर त्याच्या ताटात टाकली. मग तवा उतरवताना म्हणाली, "माहीत हाय. म्हून तं सांगतो. त्या खाणवाल्यानं माह्या बापाले एकदाबी काही विचारलं नोयतं. ज्याले न्यायचं असते तो विचारत नाई. ही पोरगी दर खेपेले पाच सवाल विचारते."

"सवाल विचारून तं भेद काढते."

"मंग देऊ नोका भेद. भाकर खा."

संशय दृढ व्हायला एकच गोष्ट उरली होती, आणि तीही दिव्यानीनंच करून दाखवली. पौषातली सकाळ होती. पारीवरच्या मोहाच्या सावलीत तिनं चौथ्या बाटलीतली हवा एका बारीक नळीतून सोडली आणि नळीच्या टोकाशी काडी धरली. निळसर जीभ उठली, थरथरली आणि गेली. भोवती जमलेली पोरं ओरडली. सूरजनं मोबाइलवर फोटो काढायला घेतला तोवर ती विझलीही.

"हा मिथेन," दिव्यानी म्हणाली. मग तिनं पहिल्या नरसाळ्याची बाटली घेतली, शेतांच्या तोंडाशी लावलेलं ते. त्यातली इवलीशी हवा सोडली, काडी धरली. काडीच विझली.

"हिचा काऊन नाई जळला?" सूरजनं विचारलं.

दिव्यानीला असं कोणी विचारलं की तिचा चेहरा उजळे. "शेतातून युरियाचं पाणी येतं ना, त्यातून नायट्रेट होतो. गाळाच्या आत हवा नसते. तिथल्या जीवांना हवेच्या जागी तो नायट्रेट चालतो. तो असेपर्यंत त्यांचंच राज्य. त्यातून जो वायू निघतो तो नायट्रोजन. आपल्या भोवती सगळीकडे आहे तोच. जळत नाही. नायट्रेट संपला की मग वेगळे जीव पुढं येतात. उरलंसुरलं, कुजलेलं, कोणालाच नको ते त्यांच्या वाट्याला. ते मिथेन करतात. इथं तोंडाशी पहिल्यांचं पोट भरतं, तिकडं डोहात दुसऱ्यांचं. निदान मला तसं वाटतंय, मोजून पाहायचंय."

"म्हंजे पंगत," इस्तारी म्हणाला.

तो बोलला याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. तो मोहाला टेकून उभा होता. "मालगुजाराच्या घरच्या लग्नात तीन पंगती उठत. पहिली त्याइची. दुसरी कुणब्याइची. आमी ढिवर तिसरीत. वरण तोवर खरवडीले लागे." तो जरा थांबला. "तिसऱ्या पंगतीचे लोकं हायत हे."

"हो," दिव्यानी हळूच म्हणाली. "तसंच."

त्या क्षणी इस्तारीला ती पोरगी आवडली असती. पण त्याच्या डोळ्यांपुढून ती निळी जीभ हलेना. जळतं ते विकता येतं. आणि विकता येतं त्याच्यावर कोणी ढिवराला बसू देत नाही. तिसरी पंगतही उठवतात. दुसऱ्या दिवशी त्यानं डोहात चाळीस वेळा बांबू खुपसला.

माघात नागपूरहून गाडी आली. दिव्यानीचे सर उतरले. केस पिकलेले, बूट नवे. पारीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. सर म्हणाले की इतका मिथेन या भागातल्या कुठल्याच तलावात त्यांनी पाहिलेला नाही, डोहाखाली काहीतरी वेगळं चाललेलं असणार. म्हणून पंधरा मार्चपासून मेअखेरपर्यंत डोहाभोवती दोरी आणि झेंड्या लावू, आणखी वीस नरसाळी बसवू. तेवढे दिवस तिथं डोंगा नको, जाळं नको. तळ अजिबात हलायला नको. सोसायटीनं ठराव करून द्यावा.

सूरज खूश होता. "मोठेबाबा, आपल्या तलावाचं नाव होईन."

"खाशीन काय दोन मयने? नाव?"

"सर म्हणते, काहीतरी पाहू."

"घुग्घुसलेबी म्हणत होते, पाहू." इस्तारी उठून गेला. ठरावाची बैठक मार्चच्या दुसऱ्या रविवारी ठरली. झेंड्या. त्या तंबूंच्या भोवतीही झेंड्याच होत्या, लाल.

महाशिवरात्र आली. दरवर्षीप्रमाणे तो आणि कमळा मार्कंड्याच्या जत्रेला गेले. वैनगंगेच्या वाळूत उकडलेल्या शिंगाड्यांचं दुकान मांडून ते आठ दिवस राहिले. नदीच्या वाहत्या पाण्याकडे पाहताना इस्तारीला वाटलं, याच्या तळाशी कोणी नरसाळं टांगू शकत नाही. बरं आहे याचं.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी दिव्यानी डोंग्यात बसली ती गोंधळलेली. चौथी बाटली हातात घेऊन ती मोठ्यानं, पण स्वतःशीच बोलत राहिली. "मंगळवारीही एवढंच, आजही एवढंच. दोन बोटं. इतरांइतकंच. असं कसं?" मग तिनं वही इस्तारीपुढं धरली, जणू त्याला वाचता येतं. "हे बघा भाऊ, दिवाळीनंतर एकदम चढलं. या इथं, आणि मग दर खेपेला. आणि मागच्या शनिवारपासून एकदम पडलं. तुम्ही रोज पाण्यावर असता. या आठ दिवसांत इथं असं काय घडलं नाही, जे आधी रोज घडत होतं?"

इस्तारीला अक्षरं येत नव्हती, पण रेघ कळत होती. वर चढलेली, आणि मग कड्यावरून पडल्यासारखी. जिथं ती चढली त्या आठवड्यात तो पहिल्यांदा बांबू घेऊन आला होता. जिथं पडली तिथं तो वाळूत शिंगाडे विकत बसला होता.

त्याच्या हातातला बांबू गाळात रुतला होता. त्यानं तो काढला. बुडबुड्यांचा एक घोस वर आला, डोंग्याला घासत फुटला. त्यानं त्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे पाहिलं.

"काय झालं भाऊ?"

"काही नाई."

आणि लगेच दुसरा विचार आला, पहिल्याला धक्का देऊन. हिला माहीत आहे. सारं माहीत असून ही विचारते आहे, माझ्या तोंडून काढायला. कबूल केलं की म्हणेल, सरकारी सामानाला हात लावलास, चल ठाण्यात. त्यानं डोंगा किनाऱ्याला लावला आणि तिचे पाय जमिनीला लागायच्या आत वळवला.

तो आठवडा त्याला जेवण गोड लागलं नाही. गप्प बसला तर काय? रविवारी ठराव होणार, दोरी लागणार, तो डोहावर जाऊ शकणार नाही, बाटल्यांत दोन बोटांवर हवा जमणार नाही आणि लोक शहाणे होऊन परत जाणार. पण तोवर चैत गेलेला, वैशाख गेलेला. आणि परत गेले नाहीत तर? वीस नरसाळी लावणारा माणूस कधी परत गेला आहे? आणि बोललो तर अडतीस घरांपुढं एकच नाव येणार: ज्यानं डोह वाचवायच्या नादात डोहावर दोरी आणली.

"कमळे," शनिवारी पहाटे तो म्हणाला, "त्या बाटलीत हवा मीच भरून राह्यलो होतो."

कमळा झाडत होती. तिनं खराटा थांबवला, ऐकून घेतलं, आणि मग जी हसली ती ओटीवर बसून हसली. "चार मयने! चार मयने गाळ ढवळला, अन् घरी येऊन म्हणे, तिनं वायू काढला!"

"हासू नको. आता काय करू?"

"जे केलं ते दाखवा तिले. बोलता येत नसन तं बांबू हाय ना."

दिव्यानी नेहमीच्या वेळेला आली. इस्तारी तिला डोहावर न नेता दुसऱ्या नरसाळ्यापाशी घेऊन गेला, जिथं बाटलीत कधी दोन बोटांपेक्षा जास्त हवा भरली नव्हती. डोंगा थांबवून त्यानं पारीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग बांबू नरसाळ्याखाली तिरका घातला आणि खुपसला. एकदा, दोनदा, दहादा. गाळ घुसळून उठला. बाटलीतलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत धापा टाकत खाली उतरलं.

पारीवरून एक टिटवी ओरडत गेली.

"रोज?" शेवटी तिनं विचारलं.

"बाजाराचा दिवस सोडून."

"कधीपासून?"

"लावल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"का पण, इस्तारीभाऊ?"

त्यानं वर पाहिलं नाही. "खाली काय लपवलं ते पाहाले."

ती डोंग्याच्या फळीवर दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. तिला रडू येत होतं की राग, ते त्याला कळेना. "चार महिने," ती म्हणाली. "सरांनी परिषदेला कळवलंय. चार महिने मी त्या एका आकड्यापायी झोपले नाही." इस्तारी तयार होऊन बसला होता. आता पोलीस म्हणेल, आता सोसायटी म्हणेल. ती म्हणाली, "एका दिवशी किती वेळा खुपसत होतात?"

"काऊन?"

"सांगा ना."

इथंही त्याला सापळा दिसला. पण आता आत शिरलोच आहोत, असं वाटून तो बोलला. आधी वीसपंचवीस. काडी पेटवून दाखवली त्यानंतर चाळीस. गाडी आली त्या आठवड्यात पन्नास. त्याला सगळं ध्यानात होतं; संशयानं केलेलं काम माणूस विसरत नाही. ती लिहीत गेली. लिहिता लिहिता तिचा हात वेगानं चालू लागला. तळ हलला की किती वायू सुटतो हेही कधीतरी मोजावं लागतंच, ती पुटपुटली, आणि पान उलटलं.

"माहं नाव नोको लिहू त्यात."

"बरं. नाही लिहीत."

"दाखव."

तिनं वही वळवून दाखवली. त्याला वाचता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं पान बारकाईनं पाहिलं आणि मान हलवली.

तिनं किनाऱ्यावरूनच सरांना फोन केला. फोन कानापासून लांब धरावा लागला, इतकं ऐकून घेतलं तिनं. रविवारच्या बैठकीत सूरजनं सांगितलं की आकड्यात चूक निघाली, डोहात वेगळं काही नाही, दोरी लागणार नाही. चूक कोणाची, असं कोणीतरी विचारलं. सूरज म्हणाला, बाटलीची. मागच्या रांगेत इस्तारी जाळ्याचा फाटका कोपरा विणत बसला होता. एक टाका चुकला, तो त्यानं उसवला.

चैतात डोहावर जाळी पडली. मासा बरा होता.

नरसाळी काढून न्यायला दिव्यानी आली, तेव्हा इस्तारीनं गाठींचा दोरा तिच्यापुढं धरला. "सेहेचाळीस नळ्या नेल्या तुमी."

तिनं वही चाळली. तिची भुवई वर गेली. "बरोबर. सेहेचाळीस."

"वापस आणून द्या."

"गाळ?"

"तपासून झाला असन तं वापस. आमच्या तलावाचा हाय."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. मेच्या शेवटी, बल्लारपूरला घरी जाताना, ती मुद्दाम वाट वाकडी करून आली आणि एक पिशवी ओटीवर ठेवली. प्लास्टिकच्या पुड्यांत सुकलेली राखाडी माती, प्रत्येक पुडीवर आकडा. कमळानं तिला उकडलेले शिंगाडे दिले. इस्तारीनं पुड्या ओळीनं मांडल्या आणि मोजल्या. पंचेचाळीस.

"एक पूर्ण वापरला गेला," ती म्हणाली. "तपासणीत जळला."

"जळला," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं एक पुडी फोडून वास घेतला. वास नव्हता. बोटांत चोळली, कुठलीही माती असते तशी. "हा आपला गाळ नाई," तो म्हणाला. "कुठलीबी माती भरून देली."

"मंग फेका," कमळा म्हणाली.

त्यानं फेकली नाही. एका मडक्यात ती माती घातली, वर तलावाचं पाणी गाळून ओतलं, चार वाळली शिंगाड्याची पानं चुरडून टाकली, आणि झाकण ठेवून मडकं घराच्या मागच्या सावलीत ठेवलं. रोज सकाळी झाकण उचलून पाही. आठ दिवस गेले. काही नाही. पंधरा गेले. कमळा येता-जाता विचारी, "उठली काय तुमची तिसरी पंगत?" मडक्यातलं पाणी आधी गढूळ होतं, मग निवळलं, तळाची माती राखाडीची काळी होत गेली. वास येऊ लागला. ओळखीचा.

बाविसाव्या दिवशी तो झाकण उचलून उकिडवा बसला होता. तळातून एक बुडबुडा सुटला, मोहरीएवढा, आणि वर येऊन फुटला. मग दोन. त्यानं मडक्याला हात लावला नव्हता. बांबूही नव्हता.

हे तेच, तिसऱ्या पंगतीचे. महिनोन्‌महिने सुकवलेले, आकडे घातलेले, नागपूरच्या कपाटात पडलेले, आणि पाणी मिळताच पुन्हा पंगतीला बसले.

संध्याकाळी त्यानं मडकं आणि उरलेल्या पुड्या डोंग्यात घातल्या. पारीवर कोण आहे ते पाहिलं; दोन म्हशी आणि त्यांची राखण करणारी धुरपता म्हातारी. ती कशाला उभी असेल याचा अंदाज बांधून झाल्यावर तो डोहावर गेला आणि सारा गाळ पाण्यात सोडला. मग दोरा काढून दातांनी एकेक गाठ सोडवली. ढिवराची गाठ सुटत नाही, बांधणाऱ्याला तेवढी सुटते. पंचेचाळीस सुटल्या. शेवटची त्यानं तशीच ठेवली, आणि घरी येऊन दोरा खुंटीला टांगला.

"आता ते कायले?" कमळानं विचारलं.

"कार्तिकात येतो म्हणे ती." त्यानं दोरा ओढून गाठ घट्ट केली. "पहिले त्या एका नळीचं सांगू दे, मंग डोंग्यात बसू दे."